दुकानात चालतो, घरी बंद पडतो: असेंबल पीसीचे पार्ट कोणत्या क्रमानं तपासायचे

"दादा, तुमच्या इथं तर मस्त चालू होता, घरी नेला अन् बंद पडून राहिला." यवतमाळ, वाशीम, बुलडाण्याच्या खेड्यापाड्यांत पीसी जोडून देणाऱ्या प्रत्येकानं हे ऐकलेलं असतं. पाठोपाठ निकालही येतो, "पार्ट डुप्लिकेट निघाला." मग एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा) बदलला जातो, रॅम बदलली जाते, मदरबोर्ड कुरिअरनं नागपूरला जातो आणि काहीच बिघाड नाही असा शेरा घेऊन परत येतो. तक्रार जागच्या जागी राहते, आणि तोवर पार्ट बदलून मिळण्याची मुदत संपलेली असते.

यावर माझ्या अनुभवात टिकलेला उपाय एकच आहे. पार्ट जिथं चालणार आहे तिथल्याच लाईनवर, तिथल्याच उन्हात तपासायचा, आणि एका वेळी एकच पार्ट तपासायचा. सगळं कॅबिनेटमध्ये कसून झाल्यावर शोध घ्यायला बसलं तर संशय सगळ्यांवर जातो आणि पुरावा कुणाविरुद्धच मिळत नाही.

पहिला पार्ट म्हणजे भिंतीतला सॉकेट

पीसी ज्या खोलीत ठेवायचा, त्या खोलीतल्या सॉकेटपासून सुरुवात करा. इलेक्ट्रिकलच्या दुकानात मिळणारा साधा डिजिटल मल्टिमीटर पुरतो. एसी व्होल्टची सगळ्यात मोठी रेंज लावा आणि तीन मापं घ्या: फेज-न्यूट्रल, फेज-अर्थिंग, न्यूट्रल-अर्थिंग. पहिलं २३० च्या आसपास हवं, दुसरंही जवळपास तेवढंच, आणि तिसरं दोन-तीन व्होल्टच्या आत.

हे माप एकदाच घेऊन भागत नाही. हरभऱ्या-गव्हाला पाणी देणं सुरू असलं आणि घर व मोटारी एकाच डीपीवर (ट्रान्सफॉर्मरवर) असल्या, तर मोटारी चालू होताच घरातलं व्होल्टेज खाली बसतं. सकाळी २२५ दाखवणारा सॉकेट त्याच दिवशी संध्याकाळी १७५ दाखवू शकतो. ज्या वेळेला पीसी बंद पडतो अशी तक्रार आहे, नेमक्या त्या वेळेला मीटर लावा. ग्राहक लांबच्या गावचा असेल तर त्याला फोनवर सांगून मीटरचा फोटो मागवा. या एका फोटोनं अर्धी चर्चा संपते.

अर्थिंगवर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण आपल्याकडे सगळ्यात जास्त चुकीचे निकाल इथं लागतात. कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात, टेस्टर पेटतो, आणि लगेच म्हटलं जातं की एसएमपीएस लीक आहे. वस्तुस्थिती अशी की चांगल्या एसएमपीएसमध्ये आत येणाऱ्या लाईनवर फिल्टर असतो. त्यातले दोन छोटे कपॅसिटर फेज आणि न्यूट्रलपासून बॉडीला जोडलेले असतात. अर्थिंग नसेल तर बॉडी लाईनच्या साधारण निम्म्या व्होल्टेजवर, म्हणजे ११५ च्या आसपास, तरंगत राहते. करंट अगदी थोडा असतो, म्हणून माणसाला नुसत्या झिणझिण्या येतात. पण याच अवस्थेत वेगळ्या सॉकेटवरचा टीव्ही एचडीएमआयनं जोडला, किंवा प्रिंटरची यूएसबी लावली, तर तो करंट त्या पोर्टमधून वाट काढतो. पोर्ट जळतात ते असे. इथं एसएमपीएस बदलून काहीच फरक पडणार नाही, कारण नवाही तसाच बांधलेला असतो.

आपल्या भागात काळी कापसाची जमीन आहे. उन्हाळ्यात ती भेगाळते आणि अर्थिंगच्या पाइपाशी किंवा पट्टीशी मातीचा संपर्क सुटतो. पावसाळ्यात ठीक असलेली अर्थिंग एप्रिल-मेमध्ये नावापुरती उरते ती यामुळे. मीठ-कोळशाचा खड्डा असेल तर उन्हाळाभर त्यात पाणी टाकत राहा. पुष्कळ जुन्या घरांत तर सॉकेटच्या तिसऱ्या भोकामागं वायरच नसते, ते उघडून बघावं लागतं. तीन पिनांच्या प्लगला दोन पिनांचा कन्व्हर्टर लावणं बंद करा. आणि अर्थिंग नाही म्हणून ती पिन न्यूट्रलला जोडणं हा जिवाशी खेळ आहे. डीपीवर किंवा मीटरजवळ न्यूट्रल तुटला की सगळी बॉडी जिवंत होते. कुणी सांगितलं तरी करू नका, आणि कुठं केलेलं दिसलं तर वायरमनला बोलावून आधी ते सोडवून घ्या.

एसएमपीएस: लेबल वाचा, मग मोजा

डब्यावरचा वॅटचा मोठा आकडा सोडा आणि बाजूच्या लेबलवर इनपुट काय लिहिलंय ते बघा. १००-२४० व्होल्ट असेल तर संध्याकाळचे १७५ व्होल्ट तो सहज पचवतो. २००-२४० असेल तर त्याच व्होल्टेजला तो लोड येताच बंद पडू शकतो, आणि तो त्याचा दोष नसतो. मागं ११५/२३० अशी लाल पट्टी असेल तर ती २३० वरच आहे याची खात्री करूनच प्लग लावा. ११५ वर राहिली तर पहिल्याच झटक्यात एसएमपीएस जातो.

नुसता एसएमपीएस चालू करून बघायचा असेल तर प्लग काढून ठेवा. २४ पिनांच्या कनेक्टरमधली हिरवी वायर, म्हणजे १६ वी पिन, शेजारच्या काळ्या वायरशी तारेच्या तुकड्यानं जोडा आणि मग लाईन द्या. आजकाल सगळ्या वायरी काळ्याच असतात, तेव्हा मॅन्युअलमधला पिनांचा नकाशा समोर ठेवा. पंखा फिरला म्हणजे एसएमपीएस चालू होतो, एवढंच यातून कळतं. तो लोड घेईल का, हे कळत नाही. बाजारात मिळणारे छोटे एसएमपीएस टेस्टरही जवळपास तेवढंच सांगतात.

खरी तपासणी पीसी जोडून, पूर्ण लोडवर होते. एखादा मोकळा चार पिनांचा मोलेक्स कनेक्टर घ्या, मीटर डीसी २० वर ठेवा आणि पिवळ्या-काळ्यात मोजा. १२ व्होल्टला ५ टक्के इकडं-तिकडं चालतात, म्हणजे ११.४० ते १२.६०. लाल-काळ्यात ४.७५ ते ५.२५ हवेत. काहीच चालू नसताना १२.१ दाखवणारा एसएमपीएस प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोन्ही ताणल्यावर ११.३ वर आला, तर तो परत पाठवा. त्याला उघडू नका. आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही ३०० व्होल्टच्या वर चार्ज राहू शकतो.

मॉड्युलर, म्हणजे केबली सुट्या येणारा, एसएमपीएस असेल तर त्याच्याच डब्यातल्या केबली वापरा. दुसऱ्या मॉडेलची केबल बसते, पण एसएमपीएसकडच्या टोकाला पिनांचा क्रम वेगळा असू शकतो. त्यात हार्ड डिस्क आणि बोर्ड जळतात.

लाईट गेली की रिस्टार्ट होतो

ही तक्रार इतकी नेहमीची आहे की तिला वेगळी जागा द्यायला हवी. आपल्याकडे पीसी बहुतेक घरच्या इन्व्हर्टरवर असतो, वेगळा यूपीएस क्वचित. लाईन जाऊन बॅटरी येईपर्यंत जी फट पडते, तेवढा वेळ एसएमपीएसला स्वतःच्या साठ्यावर काढावा लागतो. एटीएक्सच्या (पीसीच्या एसएमपीएसचं मानक) मार्गदर्शिकेनुसार पूर्ण लोडवर ही मुदत साधारण १६-१७ मिलिसेकंद असते. आपल्या ५० हर्ट्झच्या लाईनची एक फेरीच २० मिलिसेकंदांची, यावरून अंदाज करा. स्वस्त एसएमपीएस तेवढीही तग धरत नाहीत.

बहुतेक इन्व्हर्टरवर यूपीएस आणि नॉर्मल असं एक बटण असतं, बऱ्याचदा मागच्या बाजूला, धुळीखाली. नॉर्मलवर असताना इन्व्हर्टर अगदी खालचं व्होल्टेजही पुढं जाऊ देतो आणि बॅटरीवर जायला वेळ घेतो. यूपीएसवर ठेवला की लवकर पलटतो आणि व्होल्टेज १८० च्या आसपास उतरलं की स्वतःच बॅटरी देतो. पुष्कळ पीसी हे बटण फिरवल्यावर बरे झालेले मी पाहिले आहेत. मात्र संध्याकाळभर व्होल्टेज कमी असेल तर बॅटरी तेवढा वेळ चालत राहणार, हे ग्राहकाला आधीच सांगा.

बटण बरोबर असूनही बंद पडत असेल तर इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा आहे का ते बघा. अ‍ॅक्टिव्ह पीएफसी (लाईनमधून वीज एकसारखी ओढणारं सर्किट) असलेल्या चांगल्या एसएमपीएसचं अशा करंटशी जमेलच असं नाही. कधी गुणगुणतो, कधी बॅटरीवर जाताच बंद पडतो. साईन वेव्हचा इन्व्हर्टर किंवा चांगला यूपीएस हाच तिथं इलाज. एसएमपीएस मुद्दाम हलका घेणं हा इलाज नाही.

याची चाचणी विंडोज टाकायच्या आधी घ्या. पेनड्राइव्हवरून मेमटेस्ट (रॅम तपासणारा प्रोग्रॅम) चालू ठेवा आणि इन्व्हर्टरचा प्लग काढा-लावा, चार-सहा वेळा. डिस्कवर काही लिहिलं जात नसल्यानं नुकसान काही नाही. नंतर लोडवर पुन्हा एकदा, पण ग्राहकाचा डेटा आत जायच्या अगोदर.

कॅबिनेटच्या बाहेर, पुठ्ठ्यावर

बोर्ड त्याच्याच खोक्यावर ठेवा. तो ज्या चकचकीत पिशवीतून येतो तिच्यावर ठेवून चालू करू नका, तिचा बाहेरचा थर वीज वाहून नेऊ शकतो. बोर्ड, प्रोसेसर, त्याचा हीटसिंक-पंखा, रॅमची एकच स्टिक आणि एसएमपीएस, एवढंच जोडा. चार स्लॉट असतील तर एकटी स्टिक बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरपासून मोजलेल्या दुसऱ्या स्लॉटमध्ये लागते. डिस्क, ग्राफिक्स कार्ड, समोरच्या बटणांच्या वायरी, काही नाही. पॉवरच्या दोन पिनांना स्क्रू ड्रायव्हरचं टोक क्षणभर टेकवलं की बोर्ड चालू होतो.

प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स आहे की नाही ते आधी बघा. इंटेलच्या नावात शेवटी एफ असेल तर नसतं. एएमडीच्या रायझन ५ ५६०० मध्येही नाही, ५६०० जी मध्ये आहे. नसेल तर ग्राफिक्स कार्ड लावल्याशिवाय चित्र येणारच नाही, आणि कार्ड लावलं की मॉनिटरची केबल कार्डालाच लावायची. या एवढ्या गोष्टीवरून चांगले बोर्ड परत गेले आहेत.

इंटेलचा बोर्ड असेल तर प्रोसेसर बसवायच्या आधी सॉकेटवर मोबाइलची टॉर्च तिरकी धरा. सगळ्या पिनांची चमक एका ओळीत दिसली पाहिजे. एखादी जागा मंद दिसली तर पिन वाकलेली आहे. तिथंच थांबा आणि फोटो काढा, कारण प्रोसेसर बसवल्यानंतर ती तुम्हीच वाकवली असं म्हणायला जागा मिळते.

डीडीआर ५ च्या बोर्डांवर, विशेषतः एएमडीच्या एएम ५ सॉकेटवर, पहिल्यांदा चालू केल्यावर काही मिनिटं स्क्रीन काळीच राहू शकते. बोर्ड रॅमशी जुळवणी करत असतो. मध्येच लाईन गेली किंवा घाईनं बंद केला तर सगळं पहिल्यापासून. म्हणून पहिली सुरुवात भरवशाच्या बॅकअपवर करा आणि निवांत बसा.

जुना बोर्ड अन् नवा प्रोसेसर अशी जोडी असेल, जसं बी ४५० वर रायझन ५००० मालिका, तर आधी बायोस, म्हणजे बोर्डाला जागं करणारा प्रोग्रॅम, अपडेट करावा लागू शकतो. बोर्डावर फ्लॅशबॅकचं बटण असेल तर एफएटी ३२ मध्ये फॉरमॅट केलेल्या पेनड्राइव्हवरून ते काम होतं.

किती वेळानं बंद पडतो, ते मोजा

ग्राहक "बंद पडतो" एवढंच सांगतो. त्याला विचारा, किती वेळानं? या उत्तरात निम्मं निदान असतं.

बटण दाबताच पंखा जेमतेम हलून थांबत असेल तर कुठंतरी शॉर्ट आहे. पुठ्ठ्यावर नीट चालणारा बोर्ड कॅबिनेटमध्ये गेल्यावर असं करत असेल तर त्याच्याखाली पितळेचा एखादा जादा स्टँडऑफ (बोर्ड उचलून धरणारी खुंटी) राहिलाय का बघा, किंवा मागच्या पत्र्याची जीभ एखाद्या पोर्टमध्ये घुसलीय का.

चार-पाच सेकंदांनी बंद, दर वेळी तेवढ्याच वेळानं? कॅबिनेटचं पॉवर बटण आत अडकलेलं असतं. बटण सुमारे चार सेकंद दाबून धरलं की पीसी सक्तीनं बंद होतो, हा नियम अडकलेल्या बटणालाही लागू आहे. समोरच्या वायरी काढा, स्क्रू ड्रायव्हरनं चालू करा. चालला तर बोर्ड निर्दोष. रिसेटचं बटण अडकलं तर मात्र पंखे फिरत राहतात आणि चित्र येतच नाही.

चालू-बंद-चालू असा खेळ करत राहिला तर रॅमची स्टिक काढून पुन्हा बसवा, दुसरी लावून बघा, आणि प्रोसेसरजवळचा ४+४ पिनांचा कनेक्टर पूर्ण बसलाय का तपासा. बोर्डावर सीपीयू, डीरॅम, व्हीजीए, बूट असे चार छोटे दिवे असतील तर कुठला अडून राहतो ते वाचा.

बायोसपर्यंत जाऊन थोड्याच वेळात बंद झाला तर हीटसिंक. इंटेलच्या सोबत येणाऱ्या पंख्याच्या चार खुंट्यांपैकी एखादी अर्धवट बसते. बोर्ड उलटा करून चारही टोकं पार बाहेर आलीत का ते डोळ्यांनी बघा. नव्या हीटसिंकच्या बुडाला चिकटलेली प्लास्टिकची पारदर्शक फिल्मही तशीच राहिलेली असते.

तासाभरानं, कधीही, कुठलाही नेम नसताना रिस्टार्ट होत असेल तर रॅम, उष्णता आणि लाईन, या तिघांत शोध. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (घडामोडींच्या नोंदींत) कर्नल-पॉवर ४१ दिसतो आणि लोक लगेच एसएमपीएस बदलतात. ४१ चा अर्थ एवढाच की पीसी नीट बंद न होता उठला. कारण तो सांगत नाही. त्याच वेळेला डब्ल्यूएचईए-लॉगरची नोंद असेल तर मात्र संशय हार्डवेअरवर, प्रोसेसर-रॅमच्या बाजूला जातो.

रॅम आणि डिस्क

मेमटेस्ट ८६ पेनड्राइव्हवर टाका आणि चारही फेऱ्या पूर्ण होऊ द्या. एकही चूक आली तरी ती चूकच. आधी एक्सएमपी (रॅमला वाढीव वेग देणारी बायोसमधली सोय) बंद ठेवून, मग चालू करून. बंद असताना पास आणि चालू केल्यावर नापास, म्हणजे स्टिक खराब असेलच असं नाही, त्या बोर्डाला तो वेग झेपत नसेल. दोन स्टिक एकत्र नापास झाल्या तर एकेक करून त्याच स्लॉटमध्ये, मग चांगली ठरलेली स्टिक दुसऱ्या स्लॉटमध्ये. असं केलं की दोष स्टिकचा की स्लॉटचा, ते वेगळं होतं.

डिस्कचं काम लवकर उरकतं. क्रिस्टलडिस्कइन्फो या डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये नव्या म्हणून घेतलेल्या एसएसडीचे पॉवर-ऑन तास बघा. हजारात असतील तर ती नवी नाही. हार्ड डिस्कवर ०५, सी ५, सी ६ या ओळींचे आकडे वाढत असतील तर ती परत करा. सी ७ वाढत असेल तर आधी साटा केबल बदला. अनोळखी कंपनीची फारच स्वस्त मोठी एसएसडी किंवा पेनड्राइव्ह असेल तर एच२टेस्टडब्ल्यूनं पूर्ण भरून तपासा, खोटी क्षमता तिथं उघडी पडते.

मे महिन्याचा हिशोब जानेवारीत करा

खोलीचं तापमान जेवढं वाढतं, जवळपास तेवढंच प्रोसेसरचंही वाढतं. जानेवारीत २२ अंशांच्या खोलीत सिनेबेंच (प्रोसेसर ताणणारी चाचणी) लावून ७४ दिसले, तर टिनाच्या छपराखाली मे महिन्याच्या दुपारी, खोली ४४ वर असताना, ९६ दिसतील. रायझन ५००० ची मर्यादा मॉडेलनुसार ९० ते ९५ आहे, इंटेलच्या बहुतेक डेस्कटॉप प्रोसेसरची १००. म्हणजे हिवाळ्यात पास झालेला पीसी उन्हाळ्यात वेग कमी करणार, व्हिडिओ एडिटिंगवाला म्हणणार की पीसी स्लो झाला. चंद्रपूर, अकोला, वर्ध्याकडे ४५ च्या वरचे दिवस बहुतेक उन्हाळ्यांत येतात, तेव्हा जोडतानाच हा फरक मिळवून बघा आणि गरज असेल तर मोठा हीटसिंक सुचवा. प्रोसेसर गार असूनही लोडवर वेग पडत असेल किंवा पीसी बंद होत असेल तर स्वस्त बोर्डांवर प्रोसेसरला वीज देणारा, हीटसिंक नसलेला भाग (व्हीआरएम) तापतो. तिथं हवा पोचेल असा पंखा लावा. एचडब्ल्यूइन्फोमध्ये काही बोर्डांवर व्हीआरएमचं तापमानही दिसतं.

खोलीतल्या कूलरचा झोत थेट कॅबिनेटवर येऊ देऊ नका. ओली हवा आणि बारीक धूळ मिळून हीटसिंकच्या पात्यांत थर बसतो, आणि कूलरच्या पाण्यातले क्षार त्यात भर घालतात. जिनिंगच्या जवळपासच्या गावांत कापसाच्या हंगामात रुई उडते. तिथं पुढची जाळी दर महिन्याला काढून झटकायला ग्राहकाला शिकवून या.

परत पाठवताना

खोकं उघडतानाचा व्हिडिओ सलग काढा, सिरीयल नंबर दिसेल असा. पार्ट हातात आल्यापासून बदलून मिळण्याच्या मुदतीच्या पहिल्या दोन-तीन दिवसांतच वरची सगळी तपासणी उरका, कारण कुरिअर गावात यायलाच वेळ लागतो. परत पाठवताना "चालत नाही" असं लिहू नका. कोणत्या बोर्डावर, कोणत्या स्लॉटमध्ये, मेमटेस्टच्या कितव्या फेरीत चूक आली, लोडवर किती व्होल्ट दिसले, हे चिठ्ठीवर लिहा आणि मीटरचा, स्क्रीनचा फोटो जोडा. चिठ्ठीची एक प्रत ग्राहकाच्या बिलाला टाचून ठेवा, पुढच्या वेळी पीसी आला की तिथूनच पुढं बघता येतं.